शिस्त : तहानेची आणि नियमाची

१/ सप्टेंबर १९५४. टेक्सासमधील जंक्शन हे गाव अवर्षणाने होरपळत होते. टेक्सास ए अँड एम महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे नवे मुख्य प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांनी तेथे दहा दिवसांचे शिबिर भरवले. सरावात पाणी पिण्यास मनाई होती. निम्म्याहून अधिक खेळाडू निघून गेले. एक उष्माघाताने मरता मरता वाचला.

२/ त्या हंगामात संघाने दहापैकी नऊ सामने गमावले. १९५६ मध्ये मात्र तो अपराजित राहिला आणि जंक्शनची दंतकथा जन्मली. त्या विजयात शिबिर न पाहिलेल्या जॉन डेव्हिड क्रो यांच्यासारख्यांचाही वाटा होता, हे दंतकथा सांगत नाही.

३/ डिसेंबर १९६३. ब्रायंट आता अलाबामा विद्यापीठात होते. नियम मोडल्याबद्दल त्यांनी संघाचा आधारस्तंभ असलेल्या जो नामथ यालाच निलंबित केले. त्याच्याविना संघाने शुगर बोल सामना १२-७ असा जिंकला. नामथ परतला आणि १९६४ मध्ये संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

४/ प्रशिक्षक तेच, कठोरपणाही तोच. परंतु जंक्शनने केवळ सोसणारे निवडले. अलाबामात नियम सर्वश्रेष्ठ खेळाडूलाही लागू झाला. माझ्या मते, संघाला शिस्त लागते ती या दुसऱ्या मार्गाने.