कोण हा गोन्सालो?

'गोन्साल्विस' या आडनावाचा पोर्तुगीज अर्थ सरळ आहे: गोन्सालोचा मुलगा. फर्नांदोचा तो फर्नांडिस, रॉद्रिगोचा तो रॉड्रिग्ज, तसाच हा. भाईंदर स्टेशनापासून समुद्राकडे निघालं की राई, मुर्धा, मोर्वा मागे पडतात आणि डोंगरी, पाली, चौक, उत्तन अशी गावं लागतात. या पट्ट्यात अनेक दारांवर हे आडनाव भेटतं. ज्यांच्या दारावर ते आहे, त्यांच्या पूर्वजांत हा गोन्सालो नेमका कोण? बहुतेक घरांपुरतं उत्तर असं, की कोणीच नाही. त्या घरात या नावाचा ना बाप होता, ना आजा. नाव आलं ते चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी, आणि ज्याने दिलं त्याचा या घराशी रक्ताचा संबंध नव्हता.

मुळात हे नाव पोर्तुगीजांनीही दुसऱ्यांकडूनच घेतलेलं. पाचव्या शतकात रोमन साम्राज्य ढासळू लागलं तेव्हा विसिगॉथ ही जर्मानिक टोळी आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर उतरली आणि तिथे राज्य करू लागली. त्यांच्या बोलीत 'गुंड' म्हणजे लढाई. (आपल्या गुंडाशी त्याचं नातं जोडण्याचा मोह होतो, पण तसं काही नाही.) लॅटिन कागदांत या नावाचं रूप 'गुंदिसाल्वुस' असं दिसतं. पहिला तुकडा लढाईचा, यावर अभ्यासकांचं एकमत आहे. दुसऱ्या तुकड्यावर वाद आहे: कोणी त्यात लॅटिनमधला 'सुरक्षित' पाहतात, कोणी एखादा जुना जर्मानिक शब्द. 711 मध्ये मूरांनी विसिगॉथांचं राज्य बुडवलं. त्यांची बोली तर लोपलीच. नावं मात्र उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या ख्रिस्ती घराण्यांनी मुलांना ठेवणं सोडलं नाही. राज्यकर्ते जातात आणि त्यांची नावं प्रजेच्या अंगाला चिकटून राहतात, हा प्रकार या आडनावाच्या वाट्याला पुढे आणखी एकदा येणार होता.

त्या काळात 'गोन्साल्विस' हे आडनाव नव्हतंच. ते आपल्या मधल्या नावासारखं काम करायचं, दर पिढीला बदलायचं. दहाव्या शतकातला कॅस्टिलचा प्रसिद्ध काउंट फर्नान गोन्सालेस 970 मध्ये वारला. त्याच्या बापाचं नाव गोन्सालो फर्नांदेस, मुलाचं गार्सिया फर्नांदेस आणि नातवाचं सांचो गार्सिया. एकाच घराण्यातल्या चार पिढ्या, पण आजच्या हिशेबाने पाहिलं तर शेवटचं नाव कधी फर्नांदेस, कधी गोन्सालेस, कधी गार्सिया. मध्ययुग सरता सरता हे फिरतं नाव हळूहळू गोठलं. स्पेनच्या बाजूला ते 'गोन्सालेस' झालं, पोर्तुगालच्या बाजूला 'गोन्साल्विश'. अर्थातच, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या शेकडो गोन्सालोंची मुलं एकाच आडनावाखाली आली. म्हणजे खुद्द पोर्तुगालमध्येही हे एका कुळाचं आडनाव कधी नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने होतो.

23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह केला आणि वसई, तिच्याबरोबर साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांच्या ताब्यात दिली. आजचं मीरा-भाईंदर हे त्या साष्टीचं उत्तर टोक. खाडीपलीकडे वसईचा किल्ला, अलीकडे धारावी बेट. (मुंबईतली धारावी वेगळी, उत्तन-डोंगरीच्या पट्ट्याचं जुनं नाव हेच.) पोर्तुगीजांमागोमाग फ्रान्सिस्कन आले, मग येशूसंघी आले आणि गावोगाव चर्च उभी राहू लागली.

बाप्तिस्म्याची रीत अशी होती. नव्या ख्रिस्त्याला संताचं किंवा बायबलमधलं नाव मिळायचं आणि त्याच्यासाठी एक धर्मपिता उभा राहायचा. हा धर्मपिता बहुधा पोर्तुगीज असायचा: किल्ल्यातला शिपाई, एखादा अधिकारी, जमीनदार. आडनाव त्याचं लागायचं, कधी कधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचंच. एकाच दिवशी वाडाच्या वाडा ख्रिस्ती झाला तर अनेक घरांना एकच आडनाव मिळे. उलट, दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या दिवशी गेले, तर एक गोन्साल्विस आणि दुसरा परेरा होऊन घरी येई. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये लग्नांच्या नोंदवह्या ठेवण्याची सक्ती केली, धर्मपालकांची नावंही लिहून ठेवायला सांगितली. एकदा वहीत चढलं की नाव पक्कं झालं. मुलाचा बाप आणि धर्मपिता एकमेकांना पोर्तुगीजमध्ये 'कोंपाद्रे' म्हणतात. वसईतल्या सामवेदी ख्रिस्त्यांना ज्या नावाने ओळखतात तो 'कुपारी' शब्द त्यातूनच आला, असं मानलं जातं.

आडनाव आलं म्हणून आधीचं सगळं पुसलं गेलं, असं झालं नाही. उत्तनचा कोळी कोळीच राहिला, त्याची होडी आणि जाळी तीच राहिली, बोली मराठीच राहिली. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी हे भेद चर्चच्या दारात संपले नाहीत. इंग्रजांनी 1882 मध्ये छापलेल्या ठाणे गॅझेटियरमध्येही ख्रिस्ती समाजातल्या या जुन्या जातींच्या खुणा नोंदलेल्या आहेत. लग्नं जुळवताना घरातल्या म्हाताऱ्यांना आडनावापेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडायची. आडनाव हे सरकारदरबारी आणि चर्चच्या वहीत. गावात माणूस ओळखला जाई तो आळीवरून, धंद्यावरून, घराण्याच्या टोपणनावावरून. एकाच गावात एकाच नावाआडनावाची चार-पाच माणसं असतील, तर दुसरं करणार तरी काय?

खराखुरा गोन्सालोही या भागात होऊन गेला, आणि तो चांगला नामांकित आहे. 1556 च्या सुमारास वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे तो शिकला. त्याच्या गुरूचं नाव चरित्रकार सेबास्त्यांव गोन्साल्विस असं देतात. म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हे आडनाव खाडीकाठी वावरत होतं. गोन्सालो त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी शिकला, काही काळ व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानात परतला. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईतल्या महाविद्यालयाला त्याचं नाव आहे. पण गंमत पाहा: तो ब्रह्मचारी, त्याला मूलबाळ नाही. खाडीकाठचा सर्वांत मोठा गोन्सालो असा, की ज्याच्यापासून एकही गोन्साल्विस निघाला नाही.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याआधी धारावी बेटावर झुंज झाली; चौक गावाजवळच्या जंजिरे धारावी किल्ल्याच्या रूपाने तिची आठवण अजून आहे. मे महिन्यात वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि ते गलबतांत बसून निघून गेले. युरोपीय पाद्रीही गेले. तहाने रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली आणि गावच्या चर्चचा कारभार गोव्याच्या एतद्देशीय पाद्रींकडे आला. माझ्या मते या आडनावाच्या इथल्या इतिहासातलं हेच खरं वळण. आडनाव लादणारी सत्ता गेली होती. जुन्या नावांवर परत जायला आता कोणाची आडकाठी नव्हती. तरी लोकांनी ते टाकलं नाही. दोनशे वर्षांत सहा-सात पिढ्या त्या नावाने जन्मल्या आणि पुरल्या गेल्या होत्या. तोवर ते नाव परक्याचं राहिलं नव्हतं. 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, आणि त्यांच्या कारकुनांनी ऐकलं तसं रोमन लिपीत उतरवून घेतलं. पोर्तुगीज 'सी' अक्षराखालची शेपटी (ç) इंग्रजांच्या खिळ्यांत नव्हती, तिथे साधा 'एस' आला. आपल्याकडच्या कागदांवर आज तोच आहे.

याच इंग्रजी अमलात मुंबईत गोव्याचे आणि मंगळुरूचे कॅथलिक नोकरीधंद्यासाठी येऊ लागले. त्यांचीही आडनावं गोन्साल्विस, डिसूझा, फर्नांडिसच. साहेबाला सगळे सारखे दिसायचे आणि सगळ्यांना सरसकट 'पोर्तुगीज ख्रिश्चन' म्हटलं जाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इथे राबणाऱ्या मूळच्या लोकांना ते खटकलं. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं आणि आपली संघटना काढली. नाव इंग्रजांचं, कंपनीची आठवण देणारं. पण आडनावाने ओळख पटेनाशी झाली म्हणून एका समाजाला वेगळं नाव शोधावं लागलं, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी आहे.

मीरा-भाईंदरमध्ये हा गुंता पुन्हा नव्याने झाला. 1985 मध्ये इथे नगरपरिषद आली, पुढे उत्तन-डोंगरीकडची गावं तिच्यात आली, 2002 मध्ये महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. मुंबईत घर न परवडणारी माणसं मीरा रोडला आली. त्यांत गोव्याची होती, मंगळुरूची होती. आता एकाच सोसायटीच्या पत्रपेट्यांवर तीन गोन्साल्विस सापडू शकतात: एक उत्तनकडचा, घरात मराठी बोलणारा, दुसरा गोव्याचा, तिसरा मंगळुरूचा. शेवटचे दोघे कोकणी बोलतात, पण वेगवेगळ्या वळणाची. तिसऱ्याचे पूर्वज बहुधा कधीकाळी गोव्यातूनच दक्षिणेला गेलेले. मंगळुरूकडच्या अनेक घरांत धर्मांतराआधीचं प्रभू, शेट, कामत असं नाव अजून माहीत असतं. पोस्टमनला तिघे सारखेच. एकमेकांना मात्र तिघेही बरोबर ओळखतात.

या शहरातली सगळी पोर्तुगीज आडनावं बापाच्या नावावरून आलेली नाहीत. परेरा हे नासपतीच्या झाडावरून, मच्याडो कुऱ्हाडीवरून, तुस्कानो इटलीतल्या तोस्कानावरून. 2009 मध्ये मीरा-भाईंदर मतदारसंघाचे पहिले आमदार झालेले गिल्बर्ट मेंडोन्सा यांचं आडनाव स्पेनच्या बास्क मुलखातल्या एका ठिकाणाचं आहे. त्याचा अर्थ 'थंड डोंगर' असा लावतात. उत्तनच्या उकाड्यात हे आडनाव सांभाळणं म्हणजे गंमतच.

जगभर पाहिलं तर गोन्साल्विस आज पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या फार पसरलेल्या आडनावांपैकी आहे. ते पसरलं समुद्रामार्गे, आणि प्रत्येक बंदरात वेगळ्या कारणाने. गोव्यात ते भारतीय मुद्रणाच्या आरंभाशी येऊन भिडतं: 1577 च्या सुमारास तमिळ लिपीचे खिळे ओतणारा येशूसंघी कारागीर जुआंव गोन्साल्विस हा होता मूळचा स्पॅनिश. दिवाडी बेटावर 1676 मध्ये जन्मलेले फादर जाकोम गोन्साल्विस श्रीलंकेत गेले आणि सिंहली व तमिळ ख्रिस्ती वाङ्मयाचे मोठे लेखक ठरले. मदेरा बेटावरचे गरीब शेतकरी एकोणिसाव्या शतकात कॅरिबियनच्या ऊसमळ्यांवर मजुरीला गेले. त्यांच्याच वंशातले राल्फ गोन्साल्विस 2001 मध्ये सेंट व्हिन्सेंटचे पंतप्रधान झाले आणि वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. केप व्हर्दीहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातला पॉल गोन्साल्विस ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवायचा. 1956 च्या न्यूपोर्ट महोत्सवात त्याने एका दमात सत्तावीस आवर्तनं वाजवली, त्याची चर्चा जॅझवाले अजून करतात.

आपल्याकडे हे आडनाव घराघरांत पोचलं ते 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटामुळे. त्यातल्या अँथनीचं आडनाव आधी फर्नांडिस ठरलं होतं, असं सांगतात. चित्रपटाचे संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूची आठवण म्हणून ते गोन्साल्विस करायला लावलं. हे गुरू म्हणजे गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी प्रभू गोन्साल्विस. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला उभं केलं होतं. 2012 मध्ये ते गेले. चित्रपटातलं अँथनीचं गाणं अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचं म्हणून सगळ्यांना ठाऊक. ते कुणाचं नाव घेऊन चाललंय, हे फार थोड्यांना.

आडनावाचं 'मूळ कुलचिन्ह' चौकटीत घालून विकणारे विक्रेते आता इंटरनेटवर पैशाला पासरी झालेत. ढाल, सिंह, मुकुट, खाली लॅटिन ओळ. त्यावर पैसे घालवू नका. ती चिन्हं त्या त्या एकेका सरदार घराण्याला मिळालेली असतात, सबंध आडनावाला नव्हे. उत्तनच्या कोळीवाड्याशी तर त्यांचा सुतराम संबंध नाही. आपलं मूळ शोधायचंच असेल तर गावच्या चर्चमधल्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहा, त्यांत धर्मपालकाचा रकाना वाचा, मग जमिनीचे जुने उतारे काढा. आणि त्याआधी आळीतल्या सर्वांत वयस्कर बाईकडे जाऊन विचारा, की आपल्या घराला गावात काय म्हणत. ती जे सांगेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा. ते कुठल्याच वहीत सापडणार नाही.