घरगुती अंडी उबवणी यंत्रातील तापमान व आर्द्रता नियंत्रण

घरगुती अंडी उबवणी यंत्र म्हणजे खुडूक कोंबडीच्या मदतीविना फलित अंड्यांतून पिल्ले मिळवण्यासाठी घरच्या घरी तयार केलेली बंदिस्त पेटी होय. थर्माकोलचा किंवा लाकडी खोका, विजेचा दिवा, थर्मोस्टॅट, लहान पंखा आणि पाण्याची थाळी हे तिचे मुख्य भाग असतात. कोंबडीची अंडी साधारणपणे २१ दिवसांत, तर बदकाची सुमारे २८ दिवसांत उबतात. या काळात तापमान, आर्द्रता, हवेची खेळती अवस्था आणि अंडी फिरवणे या चार गोष्टींवर उबवणुकीचे यश अवलंबून असते. यंत्राभोवतीच्या हवेत ऋतुमानानुसार मोठा फरक पडत असल्याने एकाच यंत्राला वर्षभर एकच मांडणी पुरत नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यासारख्या तीव्र उन्हाळा व भरपूर पाऊस असलेल्या प्रदेशात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

कृत्रिम उबवणुकीची परंपरा प्राचीन असून इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांमध्ये अंडी उबवली जात. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. भातशेती आणि मालगुजारी तलाव यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात परसातील कोंबडीपालन हा शेतीला जोडून चालणारा व्यवसाय आहे. टोपलीत भाताचे तणस अंथरून खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवण्याची रीत रूढ आहे. मात्र खुडूक कोंबडी अंडी उबवताना आणि पिल्ले सांभाळताना अंडी देत नाही. त्यामुळे लहान यंत्राचा पर्याय उपयुक्त ठरतो.

तापमान

पंखा असलेल्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांसाठी ३७.५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. पंखा नसलेल्या पेटीत वरचा थर तळापेक्षा अधिक तापतो. म्हणून तेथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजलेले तापमान ३८.३ ते ३८.९ अंश ठेवतात. तापमापकाची जागा बदलली की आकडा बदलतो. त्यामुळे संवेदक अंड्यांच्या उंचीवर, पण दिव्याच्या थेट झोतापासून दूर असावा लागतो. स्वस्त संवेदकात अर्ध्या-एका अंशाची चूक असू शकते. ती ओळखण्यासाठी ताप मोजण्याच्या विश्वसनीय थर्मामीटरशी कोमट पाण्यात तुलना करतात.

तापमान किंचित कमी राहिल्यास पिल्ले उशिरा बाहेर पडतात. ते सतत अधिक राहिल्यास पिल्ले लवकर निघतात, पण त्यांची बेंबी नीट मिटलेली नसते किंवा पाय अधू असतात. गर्भ काही काळची थंडी सोसू शकतो. अतिउष्णता मात्र थोड्या वेळातही घातक ठरते. म्हणून वीज गेल्यास यंत्र न उघडता त्यावर घोंगडी टाकणे आणि लांबल्यास आत गरम पाण्याच्या बंद बाटल्या ठेवणे हा उपाय थंड हवामानात पुरेसा असतो. उन्हाळ्यात मात्र झरोके मोकळे ठेवावे लागतात.

आर्द्रता

अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. त्यामुळे रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू कवच फोडण्यापूर्वी पहिला श्वास याच पोकळीतून घेते. आर्द्रता फार असल्यास पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरते. ती फार कमी असल्यास कवचाखालचे आवरण सुकून पिल्लाला चिकटते. पहिले १८ दिवस सुमारे ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवण्याची पद्धत आहे.

ओल्या फुग्याच्या तापमापकाने आर्द्रता मोजता येते. फुग्याभोवती पाण्यात बुडालेली सुती वात गुंडाळून त्यावर वारा सोडतात. कोरडा तापमापक ३७.५ अंश दाखवत असताना ओला सुमारे २९.५ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ५५ टक्के असते, ३२.५ अंशांना ती सुमारे ७० टक्के असते. विजेवरील आर्द्रतामापक तपासण्यासाठी तो ओलसर मिठासह, पण मिठाला न टेकवता, हवाबंद डब्यात काही तास ठेवतात. तेथे आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते.

वजन हा सर्वांत खात्रीचा निकष आहे. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटणे योग्य समजतात. एकूण ५०० ग्रॅम वजनाच्या दहा अंड्यांत नवव्या दिवसापर्यंत सुमारे ३० ग्रॅम व अठराव्या दिवसापर्यंत सुमारे ६० ग्रॅम घट अपेक्षित असते. घट कमी असल्यास पाणी कमी करतात, अधिक असल्यास वाढवतात. थाळीची खोली वाढवून उपयोग होत नाही. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. म्हणून रुंद थाळी किंवा पाण्यात उभी केलेली सुती कापडाची पट्टी वापरतात.

ऋतुमानाचा परिणाम

यंत्रात येणारी हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता बदलते. हिवाळ्यातील १५ अंश तापमानाची व ६० टक्के आर्द्रतेची हवा ३७.५ अंशांपर्यंत तापवल्यास तिची आर्द्रता सुमारे १६ टक्के उरते. पावसाळ्यातील २८ अंशांची व ८५ टक्क्यांची हवा तापल्यावर सुमारे ५० टक्के राहते. त्यामुळे हिवाळ्यात मोठी थाळी आवश्यक ठरते, तर पावसाळ्यात पहिल्या १८ दिवसांत पाण्याची गरज जवळजवळ भासत नाही.

मे महिन्यात प्रश्न वेगळा असतो. नवतपाच्या सुमारास पूर्व विदर्भात दुपारचे तापमान ४२ अंशांच्या वर जाते. थर्मोस्टॅट दिवा बंद करू शकतो, पण पेटी थंड करू शकत नाही. शिवाय शेवटच्या आठवड्यात वाढलेले गर्भ स्वतःही उष्णता निर्माण करतात. अशा वेळी यंत्र टिनाच्या छपराखाली न ठेवता मातीच्या जाड भिंतींच्या आतल्या खोलीत, जमिनीलगत ठेवतात. तेथेही पारा ३७ अंशांच्या पुढे जात असल्यास त्या काळात अंडी न लावणे श्रेयस्कर असते.

साठवणीतील अंड्यांनाही उन्हाळा बाधतो. सुमारे २० अंशांच्या वर, यंत्राबाहेरही, गर्भाची मंद व अनियमित वाढ सुरू होऊ शकते व तो दुबळा होतो. १५ ते १८ अंशांत अंडी सुमारे सात दिवस चांगली राहतात. उन्हाळ्यात ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ती ठेवून दोन-तीन दिवसांतच यंत्रात लावणे हिताचे असते.

अंडी फिरवणे व अखेरचे दिवस

गर्भ कवचाला चिकटू नये म्हणून अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवतात. दिव्यासमोर धरून सातव्या दिवशी निष्फळ अंडी वेगळी काढतात. १८ व्या दिवसापासून फिरवणे थांबवून आर्द्रता वाढवतात. कवच फुटू लागल्यावर झाकण वारंवार उघडल्यास साठलेली वाफ निघून जाते आणि अर्धवट बाहेर पडलेली पिल्ले आवरणात अडकतात. झरोके पूर्ण बंद करूनही चालत नाही, कारण या टप्प्यावर प्राणवायूची गरज सर्वाधिक असते. पिल्ले पूर्ण सुकेपर्यंत यंत्रातच ठेवतात. पोटातील बलकावर ती सुमारे दोन ते तीन दिवस अन्नाविना राहू शकतात.