दमन, स्वर आणि समूह

जुलमी राजवटीतील यातनांतून श्रेष्ठ संगीत जन्मते, असे विधान समीक्षेत सहजपणे केले जाते. यातना आणि स्वर यांच्यामध्ये नेमके काय घडते, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

या विधानाचे नेहमीचे उदाहरण शोस्ताकोविचचे. ‘प्रावदा’ने 28 जानेवारी 1936 रोजी त्याच्या ऑपेरावर हल्ला चढविला. पुढे 21 नोव्हेंबर 1937 रोजी लेनिनग्राडमध्ये त्याची पाचवी सिंफनी वाजली. शब्दविरहित असल्यामुळे ती द्व्यर्थी राहू शकली: सत्तेला तीत शरणागती ऐकू आली, अनेक श्रोत्यांना शोक.

निजामी मराठवाड्यात प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. आजचा हिंगोली जिल्हा (1 मे 1999 पर्यंत परभणीचा भाग) 1948 पर्यंत याच संस्थानात होता. येथे सार्वजनिक सभेला सरकारी परवानगी लागे. 1938 मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि त्याच वर्षी औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ गाण्यास मनाई झाली. मनाई मोडणाऱ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. ‘आनंदमठ’च्या संदर्भामुळे या गीताविषयी मुस्लिम समाजात आक्षेप होते आणि 1937 मध्ये काँग्रेसनेही पहिली दोनच कडवी स्वीकारली होती, हे येथे विसरता येत नाही. तथापि बंदी गीतावर होती. ते कोणत्या रागात गायले जाते, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. शब्द उघड असल्याने द्व्यर्थतेचा आडोसाही उरला नव्हता.

मग रागाचे कार्य कोणते? संस्थानाबाहेर, ब्रिटिश अमदानीत, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (1898–1974) यांनी याच गीताला झिंझोटीत चाल दिली. झिंझोटी हा शोकाचा राग नव्हे. मैफलीतील एकल विस्तारापेक्षा अनेक कंठांना एकत्र गाता येईल, वाद्यवृंदालाही वाजविता येईल, अशी रचना कृष्णरावांना हवी होती. म्हणजे दमनाचा ठसा येथे करुण रसात उमटला नाही, तो आकृतिबंधात उमटला. जिथे एकत्र गाणे हाच गुन्हा, तिथे समूहाला पेलेल अशी चाल बांधणे हा सौंदर्यविषयक निर्णय राहत नाही, तो नैतिक निर्णय होतो.

या निर्णयाला मराठवाड्यात जुनी भूमी होती. हिंगोलीजवळचे नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि नामदेवांचे कीर्तन टाळकऱ्यांच्या साथीवाचून पूर्ण होत नाही. या परंपरेत स्वराचा अर्थ ऐकणाऱ्याने धृपद उचलले की सिद्ध होतो. म्हणून दमनकाळातील संगीताची समीक्षा केवळ संहितेची किंवा केवळ रागाची असून चालत नाही. ते कोणी, कोणाबरोबर आणि कोणती किंमत मोजून गायले, हाही त्याच्या अर्थाचाच भाग असतो. यातना संगीताला विषय पुरवितात. त्याचा घाट मात्र गाणाऱ्यांनी परस्परांशी जोडलेल्या नात्यातून घडतो.