पाणलोट, गाव आणि राज्यसत्ता

नद्या आणि पाणलोट यांचे नियोजन गावांच्या हाती असावे की केंद्रसत्तेच्या, या वादात परमपूज्य बाबासाहेबांना ‘केंद्रवादी’ म्हणून एका बाजूस बसविण्याची प्रथा आहे. आम्हांस ती उथळ वाटते. बाबासाहेबांचा स्थानिक सत्तेवर अविश्वास होता, हे खरे; पण तो पुस्तकी नव्हता. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 च्या सत्याग्रहानंतर त्याच नगरपालिकेने ऑगस्ट 1927 मध्ये तो मागे घेतला. तळे स्थानिक होते, सत्ताही स्थानिकच होती.

जुलै 1943 मध्ये दामोदर नदीच्या महापुराने बंगालला हादरविले, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्र विचार मांडला. नदी तेव्हाच्या बिहारच्या डोंगरात उगम पावते आणि बुडविते बंगालला. मग कोणताही एक प्रांत तिचा बंदोबस्त कसा करणार? 1948 च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्र व दोन्ही प्रांत भागीदार होते, ही गोष्ट टीकाकार सहसा विसरतात. वनीकरण आणि मातीची धूप रोखणे हेही त्याच्या कर्तव्यांत होते. परंतु जमीन प्रांतांच्याच अखत्यारीत राहिली. मूळ आराखड्यातील आठ धरणांपैकी चारच महामंडळाने बांधली. मैथन आणि पंचेत येथे पूर्ण पातळीपर्यंत जमीन संपादित न झाल्याने पुराचे पाणी साठविण्याची क्षमता घटली, आणि वरच्या पाणलोटातील गाळ जलाशयांत येत राहिला. ज्यांची गावे बुडाली त्यांत संथाळ आदिवासी पुष्कळ होते. आराखडा रेखाटताना त्यांस कोणी विचारले नव्हते.

मग गावाकडेच परतावे काय? 1995 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी पाणलोटाची कामे गावातील समित्यांकडे सोपविली. माथ्यावरच्या गायरानात चर खोदले जातात, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी होते. बंदीचा भार शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनांवर पडतो, आणि पाणी मात्र चढते पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीला. आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. सत्ता किती जवळ आहे, यापेक्षा हिशेबात कोण धरला जातो, हे अधिक महत्त्वाचे.

याचे एक उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगावात सापडते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला. ऊस वर्ज्य झाला. भूमिहीनासही पाण्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्राने 2005 मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन पाणीवापर संस्थांकडे देणारा कायदा केला, तेव्हा सभासदत्व मात्र लाभक्षेत्रातील जमीनधारकांसच दिले.