‘हेंहि पाहा’ : एका ओळीचा इतिहास

कोश चाळण्याची ज्यांना संवय आहे त्यांना ‘पाहा’ या इवल्याशा शब्दाचें महत्त्व सांगावयास नको. लेखाच्या शेवटीं तो दिसला, कीं वाचकाचें बोट आपोआप दुसऱ्या पानाकडे वळतें, आणि एक गोष्ट शोधावयास बसलेला मनुष्य चार गोष्टी शिकून उठतो. फ्रान्समध्यें १७५१ सालापासून दिदेरो व दालांबेर यांनीं जो विश्वकोश प्रसिद्ध केला, त्यांतील ‘विश्वकोश’ याच शीर्षकाच्या लेखांत दिदेरोनें या निर्देशांचा स्वतंत्र विचार केला आहे. विखुरलेल्या लेखांना एका सूत्रांत ओवण्याचें काम हेच निर्देश करतात, हें त्यानें ओळखलें होतें. या ‘पाहा’च्या एका अगदीं अर्वाचीन अवताराची हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत मरे हिल येथें बेल कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथें केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं संगणकासाठीं ‘युनिक्स’ नांवाची कार्यप्रणाली रचली. मनुष्यानें आज्ञा टंकावी आणि यंत्रानें ती पार पाडावी, असा तिचा व्यवहार. या आज्ञांचें पहिलें मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचें आहे. त्यांत प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान असून प्रथम नांव, मग टंकण्याची रीत, मग वर्णन, असा क्रम ठेविला होता. पानाच्या अखेरीकडे दोन लहान सदरें येत. एकांत त्या आज्ञेचे ठाऊक असलेले दोष निःसंकोच कबूल केलेले असत, आणि दुसऱ्याचें नांव होतें ‘हेंहि पाहा’.

मॅन्युअलाचे सात विभाग होते : आज्ञा एका विभागांत, कार्यप्रणालीच्या अंतर्गत क्रिया दुसऱ्यांत, आणि याप्रमाणें पुढें. ‘राइट’ नांवाची एक आज्ञा होती आणि त्याच नांवाची एक अंतर्गत क्रियाहि होती. म्हणून निर्देश करतांना नांवापुढें कंसांत विभागाचा अंक घालण्याची चाल पडली. नुसतें ‘राइट पाहा’ म्हणून भागत नसे. कोणतें, हेंहि सांगावें लागे. एकाच नांवाच्या दोन गृहस्थांना गांवावरून ओळखण्याचा आपला प्रघात ज्यांना माहीत आहे, त्यांना यांतील शहाणपण सहज पटेल.

या ओळीला खरें वजन आलें तें १९७३ सालीं. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून त्या वर्षीं ‘पाइप’ची सोय झाली. पाइप म्हणजे एका आज्ञेचें निष्पन्न दुसरीच्या मुखांत सोडणारी जणूं नळीच. प्रत्येक साधनानें एकच काम करावें, पण नीट करावें, आणि मोठीं कामें साधनांच्या जुळणींतून व्हावींत, असें धोरण त्यामुळें दृढ झालें. परंतु येथेंच एक अडचण उभी राहाते. सामर्थ्य जुळणींत, आणि मॅन्युअलाचें पान मात्र एकेकट्या साधनाचें! मग जुळणीची वार्ता वाचकाला कोठें मिळावी? ती मिळण्याची जागा मुख्यत्वें ही शेवटची ओळच होय.

याचा धडा मला स्वतःला मिळाला आहे. एका बखरीच्या संगणकावर उतरविलेल्या प्रतींत कोणता शब्द किती वेळां येतो, हें मला मोजावयाचें होतें. एका ओळींत एक शब्द अशी यादी करून मीं ती ‘युनिक’ या आज्ञेच्या स्वाधीन केली. पुनरुक्त ओळी एकत्र करून त्यांची संख्या सांगणें हें तिचें काम. पण ‘राजश्री’ हा शब्द यादींत पुनःपुन्हा उगवूं लागला. दोन दिवस मीं यंत्राला बोल लाविला. शेवटीं एका तरुण सहकाऱ्यानें मृदुपणें विचारलें, “सर, पानाच्या खालच्या ओळी वाचल्यात का?” तेथें स्पष्ट सांगितलें होतें कीं, पुनरुक्त ओळी एकमेकींस लागून असल्या तरच ही आज्ञा त्यांना ओळखते, आणि पुढें निर्देश होता ‘सॉर्ट’चा, म्हणजे ओळी क्रमवार लावणाऱ्या आज्ञेचा. १९७९ च्या सातव्या आवृत्तींतहि ‘सॉर्ट’चें पान ‘युनिक’कडे आणि ‘युनिक’चें पान ‘सॉर्ट’कडे बोट दाखवीत होतें.

त्याच १९७९ सालीं मॅकिलरॉय यांनीं मॅन्युअलाचीं पानें जुळविण्यासाठीं संकेतांचा एक संच तयार केला. त्यांत ठळक अक्षर कोणतें, तिरपें कोणतें, हें सांगतां येई. पण ‘हा शब्द म्हणजे दुसऱ्या पानाचा निर्देश आहे’ असें सांगण्याची सोय नव्हती. कागदावर त्यानें कांहीं अडलें नाहीं, कारण वाचणारा मनुष्य होता. पुढें पानें पडद्यावर आलीं, आणि शब्दावर बोट ठेवतांच इष्ट पान उघडावें अशी अपेक्षा उत्पन्न झाली. तेव्हां कंसांतला अंक पाहून निर्देश कोणता असावा याचा यंत्रानें केवळ तर्क करावयाचा, अशी पाळी आली. बर्कले येथें सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनीं रचलेल्या व १९९० सालीं प्रथम प्रकट झालेल्या ‘एमडॉक’ या संचांत निर्देशासाठीं स्वतंत्र संकेत होता. जुन्या संचाला मात्र तसा संकेत २०२० सालीं एका शाखेंत आणि २०२३ सालीं ‘ग्रॉफ’ या बहुप्रचलित साधनांत मिळाला. एवढीशी गोष्ट, पण तिला चव्वेचाळीस वर्षें लागलीं!

आतां निर्दिष्ट पान खरोखर अस्तित्वांत आहे कीं नाहीं, हेंहि तपासणारीं साधनें झालीं आहेत. साधन नष्ट व्हावें आणि त्याच्याकडे दाखविणारें बोट मात्र तसेंच उभें राहावें, हा दोष यंत्र हुडकूं शकतें. पण जो निर्देश असावयास हवा होता आणि लिहिलाच गेला नाहीं, त्याची उणीव यंत्राला कशी कळणार? तसेंच एका ओळींत वीस नांवें कोंबलीं, तर कोणाकडे जावें हें वाचकाला उमगत नाहीं. वाचक कोठें अडखळेल आणि तेव्हां त्याला कोणाची गरज लागेल, हें ज्यानें स्वतः अडखळून जाणलें आहे, त्यालाच ही ओळ नीट लिहितां येते.

आपण अध्यापक मंडळी वर्गांत दुसरें काय करीत असतों? आपल्या विषयाचें पान वाचून दाखवितों, आणि तास संपतां संपतां, आठवण राहिली तर, शेजारच्या विषयाकडे बोट दाखवितों. घाईंत हेंच बहुधा राहून जातें. मरे हिलच्या त्या मंडळींनीं या बोटासाठीं प्रत्येक पानावर जागा राखून ठेविली, हें त्यांचें ऋण मला, त्या दोन वायां गेलेल्या दिवसांपासून, विशेष वाटतें.