नाव नसलेले साक्षीदार

पेटर वाइस यांच्या 'डी एर्मिटलुंग', म्हणजे 'चौकशी', या जर्मन नाटकात 18 आरोपी आणि 9 साक्षीदार आहेत. आरोपी आपापल्या खऱ्या नावांनिशी उभे राहतात, साक्षीदारांना मात्र केवळ क्रमांक दिलेले आहेत. ऑश्विट्झ छळछावणीत काम केलेल्या नाझींवर फ्रँकफुर्ट येथे 20 डिसेंबर 1963 पासून ऑगस्ट 1965 पर्यंत जो खटला चालला, त्यातील जबान्यांवर हे नाटक बेतलेले असून, नोंदींतील शब्द निवडून, छाटून, पण पदरचा प्रसंग न घालता रंगमंचावर आणण्याच्या या पद्धतीला दस्तऐवजी रंगभूमी म्हणतात. वाइस सुनावणीला स्वतः उपस्थित राहिले, वृत्तपत्रांतील वृत्तांत त्यांनी बारकाईने वाचले आणि डिसेंबर 1964 मध्ये ते प्रत्यक्ष छावणीच्या जागी जाऊन आले. वडील जन्माने ज्यू असल्यामुळे, आपण सुटलो नसतो तर याच ठिकाणी पोहोचलो असतो, ही जाणीव त्यांच्या त्या भेटीवरील लेखात आहे.

नटाची खरी अडचण या नाव नसलेल्या साक्षीदारांपासूनच सुरू होते. खटल्यात साडेतीनशेहून अधिक साक्षी झाल्या, त्यांपैकी दोनशेहून अधिक छावणीतून वाचलेल्यांच्या होत्या. नाटकात हा सारा समुदाय नऊ तोंडांनी बोलतो, म्हणून साक्षीदार झालेल्या नटाला एका माणसाचा स्वभाव घडवण्याची सोयच उरत नाही. न्यायालयाची हुबेहूब प्रतिकृती उभारू नये, असे वाइस यांनी संहितेच्या आरंभीच बजावले आहे. पहिला साक्षीदार रेल्वे स्थानकाचा प्रमुख होता. गाड्या येत, रिकाम्या परत जात, आणि आपला संबंध तेवढ्याच कामाशी होता, असे तो थंडपणे सांगतो. येथे आवाज चढवणारा नट फसला, कारण भयानकता त्या कारकुनी सुरातच आहे. आरोपींच्या वाट्याला मात्र वेगळे काम येते: साक्ष चालू असताना ते मध्येच हसतात, अशा सूचना संहितेत आहेत, आणि ते हसू साधणे हे रडण्यापेक्षा अवघड म्हणावे लागेल.

निकालानंतर दोनच महिन्यांनी, 19 ऑक्टोबर 1965 रोजी, पूर्व व पश्चिम जर्मनीतील डझनाहून अधिक ठिकाणी हे नाटक एकाच दिवशी सादर झाले. पश्चिम बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोर यांनी ते बसवले, तर पूर्व बर्लिनमध्ये त्याचे जाहीर वाचन झाले आणि त्यात नाटककार ब्रेख्ट यांच्या पत्नी, अभिनेत्री हेलेने वायगेल, यांचा सहभाग होता.

त्या नटांसमोर होता तो छापील मजकूरच, साक्षीदारांचे आवाज नव्हेत. खटल्यात न्यायाधीशांच्या स्मरणाला आधार म्हणून केलेले साक्षींचे ध्वनिमुद्रण मात्र नष्ट न करता जपले गेले. सुमारे 430 तासांचे ते ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येते.