काडतुसाभोवती घडलेली बंदूक

तोंडापर्यंत आलेला लाकडी दस्ता, त्याच्या टोकाला पोलादी टोपी, बोल्टची चपटी मूठ, एकामागे एक असे दोन चाप आणि अवघी 45 सेंटिमीटरची नळी. एवढे दिसले की युरोपातल्या जुन्या शिकारी हत्यारांच्या लिलावात विकणारा आणि घेणारा दोघेही समाधान पावतात: ही ऑस्ट्रियातल्या श्टायरची मानलिखर-शोनाउअर कार्बाइन. घाट पाहून केलेली ही ओळख अर्धीमुर्धीच असते. ही बंदूक एका ठरावीक काडतुसाभोवती घडवलेली आहे. ते काडतूस कोणते हे पुराव्याने ठरल्याशिवाय बंदूक ओळखली असे म्हणता येणार नाही, आणि तोवर ती झाडायला घेणे हा निव्वळ अविचार आहे.

याचे कारण तिच्या पोटात आहे. एन्स आणि श्टायर या नद्यांच्या संगमावर वसलेल्या श्टायर गावात योझेफ वेर्नडल याने 1864 मध्ये कारखाना उभा केला. पूर्वी रेल्वेत अभियंता असलेला फर्डिनांड मानलिखर आणि कारखान्याचा ऑटो शोनाउअर या दोघांच्या कामातून ही रायफल आकाराला आली आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगापुढे मांडली गेली. तिचे मॅगझिन साध्या पेटीसारखे नाही. मधोमध फिरणारा एक दांडा असतो, त्याच्या कडेने काडतुसांच्या आकाराच्या पन्हळी कोरलेल्या असतात आणि स्प्रिंगच्या जोरावर तो दांडा एकेक काडतूस वर आणतो. पाचही काडतुसे आपापल्या पन्हळीत निजलेली राहतात. त्यांचा एकमेकांशी घासा होत नाही आणि बार उडाल्यावर बसणाऱ्या धक्क्याने गोळीची मऊ टोके ठेचली जात नाहीत. तळाच्या झाकणाला बारीक भोक असते. त्यात काडतुसाचे टोक खुपसून झाकण फिरवले की अख्खे मॅगझिन हातात येते. वरच्या बाजूची एक कळ दाबली की भरलेली काडतुसे एकदम बाहेर पडतात. बोल्ट पुढेमागे केल्यावर कुठेही खरखर लागत नाही, आणि जुन्या शिकाऱ्यांनी या कार्बाइनची स्तुती केली ती बहुतांशी याच गुळगुळीतपणाची. फिरते मॅगझिन ही एकट्या श्टायरची मालकी नव्हे. अमेरिकेत आर्थर सॅव्हेजने 1899 च्या रायफलीत ते वेगळ्या रीतीने वापरले. पण पन्हळी काडतुसाच्या मापाच्या कोरलेल्या असल्यामुळे काडतूस बदलले की दांडाही बदलावा लागतो, हे बंधन श्टायरच्या रचनेत पक्के बसले.

त्यामुळे एकाच घाटाच्या कार्बाइनी निरनिराळ्या काडतुसांसाठी निघाल्या. 1903 च्या नमुन्यात 6.5×54 हे काडतूस होते. पुढे 1905 मध्ये 9×56, 1908 मध्ये 8×56 आणि 1910 मध्ये 9.5×57 आले. या नंतरच्या कार्बाइनींची नळी 50 सेंटिमीटरची, पण दुरून चौघी जणी सख्ख्या बहिणी. त्यातच नावांनी गोंधळ वाढवला. इंग्रजांनी 6.5 मिलिमीटरच्या या काडतुसाला .256 मानलिखर म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव त्यांनी रुमानिया व हॉलंडच्या लष्करांनी घेतलेल्या, बुडाला कड असलेल्या 6.5×53 च्या काडतुसालाही दिले होते. 6.5×54 या आकड्याचे आणखी एक काडतूस माउझरच्या आखूड बोल्टच्या कार्बाइनीसाठी निघाले. त्याची मापे निराळी आहेत आणि ते श्टायरच्या बंदुकीत चालत नाही. 8×56 ची गतही तशीच. आकडा तोच, पण त्यापुढे एक अक्षर लागले की ते 1930 नंतर ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी रायफलींसाठी केलेले कडवाले काडतूस ठरते. आकडे सारखे असले म्हणून काडतूस सारखे असेल असे मानणाऱ्याला पुढे फार महागात पडू शकते.

ओळख पटवायची तर नळी दस्त्यातून काढावी लागते. वरच्या बाजूचे लेखन हा सर्वांत कमकुवत पुरावा. तिथे बहुधा 'पेटंट' आणि नमुन्याचे साल असते, पण 1903 हे रचनेचे साल आहे, बंदूक घडल्याचे नव्हे. 1903 च्या नमुन्याची कार्बाइन पुढेही वर्षानुवर्षे घडत राहिली. त्यापेक्षा उत्पादकाचे नाव कसे कोरले आहे ते अधिक सांगून जाते. 'ऑस्ट्रियन शस्त्रकारखाना मंडळी, श्टायर' या अर्थाचे जुने जर्मन नाव असेल तर बंदूक बहुधा 1926 पूर्वीची, कारण त्या साली कंपनीचे नाव बदलले. 'श्टायर-डाइम्लर-पुख' असेल तर ती 1934 नंतरची. त्याखाली, नळीच्या बुडाशी दडलेले प्रूफगृहाचे शिक्के येतात. नळीने जास्तीच्या दाबाचा बार सहन केला याची ती शासकीय नोंद असते. ऑस्ट्रियाचे शिक्के आणि त्याखेरीज इंग्लंडचे शिक्केही असतील तर बंदूक इंग्रज व्यापाऱ्यामार्फत विकली गेली असावी, कारण तिथे विक्रीला येणाऱ्या बंदुकीला कायद्याने तपासणीच्या शिक्क्याची गरज होती. एखाद्या लंडनच्या बंदुकवाल्याचे नाव वर कोरलेले असले तरी बंदूक श्टायरचीच राहते. खरा फसवा प्रकार मात्र ग्रीक लष्कराचा. ग्रीसने हीच रचना 1903 मध्ये स्वीकारली, 1912-13 च्या बाल्कन युद्धांत ती वापरली गेली, आणि पुढे कितीतरी लष्करी रायफली कापून, दस्ता घासून शिकारी म्हणून विकल्या गेल्या. मुकुटाचे राजचिन्ह खरवडून काढलेले असले तरी त्याची खूण उरते, आणि लष्करी रायफलीत काडतुसांची पट्टी बसवण्याची खाच असते. ती खाच कुणी बुजवलेली आढळली तर तिच्या आधीच्या जन्माचा पत्ता लागतो.

यावर कोणी म्हणेल की शिक्के स्पष्ट असतील तर आणखी पुरावा कशाला? शिक्का त्या दिवसाची नळी सांगतो, आजची नाही. मधल्या शंभर वर्षांत कुणी नळी बदलली, कुणी नळीतली काडतूस बसण्याची खोली वाढवून दुसरे काडतूस बसवले, कुणी गंजलेली नळी आतून घासून रुंद केली. त्याची साक्ष शिक्का देत नाही. म्हणून जाणकार कारागीर नळीच्या मागच्या खोलीचा साचा घेतात. कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओतायचा, तो थिजला की काढून मायक्रोमीटरने मापायचा. नळीतून मऊ शिशाची गोळी हळूच ठोकून पार केली की पिळांच्या आतली खरी मापे कळतात. जुन्या जर्मन शिकारी बंदुकांत ही मापे न घेणे जिवावर बेतते. 8×57 च्या जुन्या नळ्या सुमारे 8.08 मिलिमीटरच्या गोळीच्या, आणि 1905 नंतरची लष्करी गोळी सुमारे 8.2 मिलिमीटरची. दुसरी पहिलीत घातली तर दाब भलताच वाढतो. श्टायरच्या कार्बाइनीपुरता हा धोका थेट लागू होत नाही, पण आकड्यापेक्षा माप थोर हे तिथून शिकायला मिळते.

आता झाडण्याचे. 6.5 ची मूळ गोळी लांब, बोथट टोकाची, सुमारे 10.3 ग्रॅमची, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे 670 ते 700 मीटर. नळीतले पीळ त्या लांब गोळीला स्थिर ठेवण्यासाठी घट्ट आहेत, पिळांआधीचा मोकळा भाग तिच्या लांबीला साजेसा आहे आणि मॅगझिनच्या पन्हळी तिच्याच मापाच्या. हलकी टोकदार गोळी घातली तर तिन्ही गोष्टींशी तिचे जमत नाही, आणि लोक मग बंदुकीला दोष देतात. मागचा चाप ओढला की पुढचा चाप नुसत्या बोटाच्या स्पर्शाने सुटतो. ही सोय नेम शांत ठेवणाऱ्यासाठी आहे, पण अनभिज्ञ माणसाच्या हातात ती बेसावध बार काढते. 45 सेंटिमीटरच्या नळीचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो. नेमाच्या खुणांमधले अंतरही कमी, म्हणून चुकीची मात्रा वाढते. शिवाय लाकूड तोंडापर्यंत असल्यामुळे हवा ओलसर झाली की ते नळीवर दाब देते आणि नेम सरकतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्षारांनी कितीतरी नळ्या खाल्ल्या. त्यावर उपाय तेल नव्हे, आधी पाणी. ज्याने हे पाळले त्याचीच नळी आज लखलखीत राहिली.

डब्ल्यू. डी. एम. बेल याचे नाव इथे पुढे येते. त्याने आफ्रिकेत हजारांवर हत्ती मारले, त्यांतले काही या 6.5 च्या बंदुकीने, आणि काडतूस किरकोळ असल्याचा आक्षेप त्याने खोडून काढला असे सांगितले जाते. बेलचा पुरावा मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. त्याने हत्तीची कवटी करवतीने चिरून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती. लांब, भरीव गोळी खोल जाते हे त्याच्या कामाला आले, पण यश काडतुसाचे नव्हते, शरीररचनेच्या ज्ञानाचे होते. हस्तिदंतासाठी झालेल्या त्या कत्तलीची दुःखद बाजू झाकायचेही कारण नाही. हेमिंग्वेच्या 1936 च्या फ्रान्सिस मॅकोम्बरच्या कथेतली 6.5 ची मानलिखर वाचकांच्या लक्षात राहिली, त्यातूनही या बंदुकीभोवतीचे वलय वाढले. वलयाने माप बदलत नाही.

जुनी काडतुसे दुर्मिळ झाली म्हणून नळी दुसऱ्या काडतुसाला खोदून घ्यावी, हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. एकदा खोली बदलली की मॅगझिन परके होते, शिक्के खोटे ठरतात आणि घडणाऱ्याची योजना नाहीशी होते. बंदूक नुसती काचेच्या कपाटात ठेवावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा अधिक वजनदार आहे, आणि नळी खराब असेल तर तो मान्यच करायला हवा. पण नळी चांगली असेल, काडतूस नेमके जुळत असेल, कारागिराने तपासले असेल आणि कायद्याने परवाना असेल, तर ठरलेल्या मैदानावर मोजके बार काढल्याने बंदुकीला अपाय होत नाही, आणि ती कशासाठी घडवली ते कळते. भारतात 1959 च्या शस्त्रकायद्याखाली परवाना लागतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद बसला. योगायोग असा की त्याच 1972 मध्ये श्टायरने या कार्बाइनचे उत्पादन थांबवले. हाताने जुळवलेले दांडे महाग पडत होते, आणि बोल्टची मूठ मागच्या पुलाच्या फटीतून जात असल्यामुळे दुर्बीण बसवायला नेहमीच अडचण होई. शिकारी आता दुर्बिणीशिवाय बंदूक घेत नव्हते. त्याआधीच कारखान्याने नवी रायफल काढली होती. तिच्यातले मॅगझिन फिरतेच राहिले, पण ते सहज काढता येणारे आणि प्लास्टिकचे होते.